फवारा नाकात, हिशेब पाण्याचा

आज डेस्मोप्रेसिनचा नाकात मारायचा फवारा. लघवी आवरणारे संप्रेरक मेंदूत पुरेसे तयार झाले नाही, तर दिवसाला कित्येक लिटर लघवी होते आणि तहान भागत नाही. या आजाराला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात. साखरेशी त्याचा संबंध नाही. पीयूषिका ग्रंथीजवळची गाठ, तिथली शस्त्रक्रिया किंवा डोक्याला बसलेला मार ही त्याची नेहमीची कारणे. एका फवाऱ्यात त्या संप्रेरकाची जागा घेणारे साधारण 10 मायक्रोग्रॅम औषध असते, पण तेवढ्यानेही मूत्रपिंडे कित्येक तास पाणी धरून ठेवतात. म्हणून फवारा कसा मारावा यापेक्षा मोठा प्रश्न आहे तो नंतर किती पाणी प्यावे हा. प्यालेले पाणी बाहेर पडले नाही, की रक्तातले सोडियम पातळ होते, मेंदूला सूज येते आणि झटके येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2007 मध्ये अशा झटक्यांच्या 61 नोंदी तपासल्या. त्यांतल्या 36 नाकातल्या फवाऱ्याच्या होत्या आणि दोन रुग्ण दगावले होते. मुलांच्या अंथरूण ओले करण्यावर हा फवारा वापरू नये, असे त्यानंतर तिथे ठरले. शेजारच्या मुलाला आपली बाटली देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

यावर एखादा वाचक रास्त प्रश्न विचारेल : वैशाखात शेतात राबणाऱ्याने पाणी कमी प्यायचे कसे? कमी प्यायचे नाही. तहान लागेल तेवढे प्यायचे, घड्याळ पाहून किंवा आग्रहाखातर नाही. ज्यांची तहानेची जाणीवच गेली आहे, त्यांना पाण्याचे माप डॉक्टरांनी ठरवून द्यावे आणि त्यांनी रोज वजन करावे. खरी फसगत पुढे आहे. सोडियम उतरल्याची लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, उलटी, गुंगी, बरळणे. घरच्यांना वाटते ऊन लागले, आणि ते आणखी पाणी पाजतात. एका-दोन दिवसांत वजन एकदम वाढले असेल, तर संशय पक्का धरावा. अंगदुखीवर परस्पर घेतलेली आयबुप्रोफेनसारखी गोळी हा धोका वाढवते.

सर्दीने नाक चोंदले असेल तर औषध नीट शोषले जात नाही. तेव्हा दोन फवारे जास्त मारू नयेत, गोळी चालेल का ते डॉक्टरांना विचारावे. शिंक आली आणि औषध आत गेले की नाही हे कळले नाही, तरी पुन्हा मारू नये. साठवणीचे तापमान वेष्टनावर असते. 25 अंशांखाली असे लिहिले असेल, तर उन्हाळ्यात खोलीतले कपाट उपयोगाचे नाही. भीतीपोटी औषध आपणहून बंद करणेही तितकेच घातक, कारण मग शरीर झपाट्याने कोरडे पडते. उलट्या, जुलाब, ताप किंवा गुंगी आली तर बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा, सलाईन लावण्याआधी ती डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातले सोडियम तपासायला सांगा.