डिक्कीतली बॅटरी, बॉनेटमधला सेल्फ

रोहिणखेडहून मोताळ्यावरून राजूर घाट चढायचा, तर मे महिन्यात जुनी पद्मिनी तापणारच. वर बुलढाण्यात चहाला थांबून गाडी बंद केली की बॉनेटखालची सगळी धग बॅटरीला बसते. तिचं पाणी आटतं, आयुष्य घटतं. मग कुणीतरी सुचवतं, ‘बॅटरी डिक्कीत टाका ना!’

कल्पना वाईट नाही. १९५९ ची इंग्लंडची मिनी कारखान्यातूनच डिक्कीत बॅटरी घेऊन निघाली. माझ्या गाडीचं काम मात्र एका वायरमननं तासाभरात उरकलं. पत्र्याला भोक, त्यातून वायर, वरून काळी टेप. सहा महिन्यांनी मागचं सीट काढलं, तर पत्र्याच्या कडेनं टेप आणि इन्सुलेशन दोन्ही कापून आतलं तांबं चमकत होतं. भोकात दहा-वीस रुपयांचं रबरी ग्रोमेट असतं, तर हे झालं नसतं.

बॅटरी पुढे असते तेव्हा सेल्फची वायर हातभर असते. मागे नेली की तीच चार मीटर होते आणि अख्ख्या बॉडीला लागून जाते. बॉडी म्हणजे निगेटिव्ह. वायर तिला टेकली, तर हजारभर अँपिअर वाहू शकतात. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. पण एवढ्या करंटनं इन्सुलेशन पेटतं, आणि पेट्रोलची नळीही मागूनच पुढे येते. दोघी शेजारी नकोतच.

म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. बरेच जण तो सोयीसाठी बॉनेटखाली लावतात. तिथला फ्यूज मागच्या चार मीटर वायरीला काडीचाही उपयोगी नाही. फ्यूज सेल्फचा करंट सोसणारा घ्यावा. दिव्यांचा ३० अँपिअरचा लावला, तर पहिल्याच चावीला उडेल. डिक्कीत बॅटरी असलेल्या कित्येक बीएमडब्ल्यूंमध्ये तर मोठी धडक बसताच टर्मिनलमधला छोटा बार उडतो आणि सेल्फची वायर बॅटरीपासून सुटते.

वायरीच्या जाडीत कंजुषी नको. सेल्फनं २०० अँपिअर ओढले, तर १६ चौरस मिलिमीटरच्या चार मीटर वायरीत जवळपास एक व्होल्ट खर्ची पडतो. ३५ च्या वायरीत निम्म्याहून कमी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो डिक्कीत साचू नये म्हणून ती झाकणाच्या पेटीत पट्टीनं आवळावी आणि पेटीची नळी गाडीखाली सोडावी.

राहिलं अर्थिंग. ते हमखास विसरलं जातं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. इंजिन ते बॉडी जाड पट्टी नसेल, तर करंट मिळेल त्या वाटेनं परततो. माझ्या गाडीत तो चोकच्या तारेतून जात होता. सेल्फ मारला की तार बोट लावू देत नसे. पट्टीच्या टोकाच्या थिंबलखालचा रंग पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडला, नवी पट्टी आवळली, तेव्हा कुठे ती थंड राहू लागली.