काळा आजार ओसरला. त्वचेवरील डागांकडे मात्र दुर्लक्ष नको

कोलकाता : भारतातील काळा आजाराच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट आकडेवारीच्या दृष्टीने साध्य झाले आहे. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांतील ५४ जिल्ह्यांमध्ये हा रोग आढळतो. तेथील सर्व ६३३ विकास गटांत २०२३ अखेर दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण नोंदवले गेले. मात्र रुग्ण कमी होणे आणि रोगाचे मूळ नष्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामागील कारण कोलकात्यात शंभर वर्षांपूर्वीच नोंदवले गेले होते.

काळा आजार हा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांपैकी सर्वांत घातक रोगांमध्ये गणला जातो. लेशमानिया डोनोव्हानी हा परजीवी वाळूमाशीच्या दंशातून शरीरात शिरतो. दीर्घकाळ ताप, वजनातील घट, रक्तक्षय आणि पाणथरी व यकृताची वाढ ही त्याची लक्षणे होत. उपचार न मिळाल्यास बहुतेक रुग्ण दगावतात. ओलसर मातीच्या भिंती आणि गोठे ही वाळूमाशीची आश्रयस्थाने असल्यामुळे या रोगाचा सर्वाधिक फटका गरीब कुटुंबांना बसतो.

या परजीवीच्या शोधाचा धागा कोलकात्याजवळच्या डमडमशी जुळतो. तेथे राहून गेलेल्या एका सैनिकाच्या पाणथरीत विल्यम लेशमन यांना हे सूक्ष्म जीव दिसले. त्यांनी १९०३ मध्ये ते निरीक्षण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी चार्ल्स डोनोव्हान यांनाही मद्रास येथे ते आढळले. दोघांची नावे परजीवीला मिळाली.

उपचाराचा मार्ग डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी दाखवला. कॅम्पबेल वैद्यकीय विद्यालयातील, म्हणजेच आजच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयातील, लहानशा खोलीत त्यांनी १९२० च्या सुमारास युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीयुक्त औषध तयार केले. त्या खोलीत ना गॅस होता, ना पाण्याचा नळ. या औषधाने असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले.

त्यांचे दुसरे निरीक्षण १९२२ चे आहे. बऱ्या झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर कालांतराने फिकट डाग किंवा गाठी उमटतात आणि त्यांत तोच परजीवी असतो, हे त्यांनी दाखवून दिले. असा रुग्ण आजारी वाटत नाही. त्यामुळे तो दवाखान्यात जात नाही. अनेकदा हे डाग कुष्ठरोगाचे समजले जातात. परंतु त्याला चावलेली वाळूमाशी हा परजीवी इतरांपर्यंत पोहोचवू शकते. भारतात या रोगाचा ज्ञात साठा माणूस हाच असल्याने असा एकेक रुग्ण महत्त्वाचा ठरतो.

इतिहासानेही हा इशारा दिला आहे. हिवतापाविरुद्ध १९५० च्या दशकात सुरू झालेल्या डीडीटी फवारणीमुळे वाळूमाशाही घटल्या आणि काळा आजार जवळपास दिसेनासा झाला. फवारणी थांबली आणि १९७० च्या दशकात बिहारमध्ये मोठी साथ पसरली. पश्चिम बंगालच्या चोवीस परगण्यांतील नंतरच्या उद्रेकाची सुरुवात अशाच त्वचारुग्णापासून झाली असावी का, हा प्रश्न कोलकात्याच्या संशोधकांनी १९९२ मध्ये उपस्थित केला होता.

आज साधने अधिक प्रभावी आहेत. बोटातील रक्ताच्या थेंबावरून काही मिनिटांत चाचणी होते. लायपोसोमल अँफोटेरिसिन बी या औषधाची शिरेतून दिलेली एकच मात्रा पुरेशी ठरते. त्वचेच्या आजारासाठी मात्र मिल्टेफोसिनच्या गोळ्या सुमारे बारा आठवडे घ्याव्या लागतात. त्या मध्येच सोडून चालत नाही.

महाराष्ट्रालाही वाळूमाशी अपरिचित नाही. नागपूरजवळील चांदीपुरा गावाच्या नावाने १९६५ पासून ओळखला जाणारा विषाणू तिच्यामार्फतच पसरतो. घराच्या भिंतींतील भेगा बुजवणे, गोठा कोरडा ठेवणे आणि मच्छरदाणीत झोपणे हे उपाय म्हणूनच सर्वत्र उपयुक्त आहेत.

निर्मूलनाच्या प्रमाणपत्रासाठी रुग्णसंख्या सलग तीन वर्षे मर्यादेखाली राखावी लागते. बांगलादेशाने २०२३ मध्ये जगात सर्वप्रथम हे यश मिळवले. भारताला त्याच वाटेने जायचे असेल, तर बऱ्या झालेल्या रुग्णांची पुढील काही वर्षे नियमित तपासणी सुरू ठेवावी लागेल.