अ‍ॅव्हरेजसाठी गाडीचं मिक्श्चर कमी करताय? आधी हिशोब करा



वारंगा फाट्यावर धंदा करायचा म्हणजे गाडीशिवाय भागत नाही. एकीकडे नांदेड, दुसरीकडे हिंगोली, तिसरीकडे हदगाव. माल आणा, माल पोचवा. म्हणून डिझेल-पेट्रोलच्या खर्चावर व्हिडिओ केला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, मिस्त्री म्हणतो पेट्रोल कमी करून देतो, अ‍ॅव्हरेज वाढेल. करू का?"

नका करू. मिस्त्री सांगतो त्यात थोडं खरं आहे, आणि तिथेच माणूस फसतो.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल त्याहून किंचित कमी दिलं तर अ‍ॅव्हरेज थोडं वाढू शकतं. अजून कमी केलं की गाडी झटके खाते, पिकअप जातं. मग ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबतो आणि वाचलेलं पेट्रोल तिथेच जातं. खिचडीत पाणी कमी घातल्यासारखं आहे हे, बुडाला लागणारच. गाडी भरलेली असते, चढ असतो, तेव्हा इंजिन थंड राहावं म्हणून कंपनी मुद्दाम जास्त पेट्रोल देते. तेच तोडलं तर टकटक आवाज सुरू होतो. दुर्लक्ष केलं तर व्हॉल्व्ह जळतो, पिस्टनलाही भोक पडू शकतं.

जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकलवर जो स्क्रू फिरवतात, तो मुख्यतः गाडी स्लो चालू असतानाचं मिक्श्चर बदलतो. हायवेवर त्याचा फारसा संबंधच नसतो! १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत तर ऑक्सिजन सेन्सर बघतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. सेन्सरला फसवणारं यंत्र बसवलं आणि इंजिन मिस व्हायला लागलं, की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो वितळला की खर्च हजारोंत. वॉरंटीचा क्लेमही कंपनी नाकारू शकते. आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता धंद्याचा हिशोब. समजा गाडी रोज ६० किलोमीटर फिरते, अ‍ॅव्हरेज १५, पेट्रोल १०५ रुपये. खरंच १० टक्के अ‍ॅव्हरेज वाढलं तरी रोजचे ३८ रुपये वाचतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर हजाराच्या आत. इंजिनचं हेड उघडलं की गाडी किती दिवस उभी, भाड्याच्या गाडीचे किती, माल वेळेवर न मिळालेलं गिऱ्हाईक परत येईल का, हे तुम्हीच मांडा. (अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण खात्याने पेट्रोल वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरावर यंत्रं तपासली. नजरेत भरेल अशी बचत कशातच सापडली नाही.)

तेच हजार रुपये वाचवायचे असतील तर टायरची हवा दर आठवड्याला बघा. जॅक लावून चाक हाताने फिरवा, ब्रेक घासतोय का कळेल. एका बाजूच्या ऑर्डरी एकाच फेरीत काढा. स्पीड ४५ ते ५५ ठेवा, पेट्रोलियम बचतीचं काम करणारी पीसीआरए ही सरकारी संस्था हेच सांगते.

आणि अ‍ॅव्हरेज अंदाजाने सांगू नका. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, परत फुल करा, भागाकार करा. असं तीनदा. आकडा अचानक पडलेला दिसला तर तीच वही घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. प्लग, सेन्सर, इंजेक्टर तपासून द्या म्हणा, सेटिंगला हात लावू नका म्हणा.