एकाच फळीवर नवे आणि जुने

महाविद्यालयांचे वर्ग सुरू झाले की पहिल्या पंधरवड्यात एक प्रश्न ठरलेला असतो. यंदा तो द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीने विचारला : ‘‘सर, पुस्तक घ्यायलाच हवे का? झेरॉक्स चालणार नाही?’’ ज्या पाठ्यपुस्तकाविषयी ती विचारत होती त्याची छापील किंमत सहाशे रुपये. आवश्यक तेवढ्या प्रकरणांच्या छायाप्रती दीडशे रुपयांत होत होत्या. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने केलेला हा हिशेब आहे, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा अधिकार निदान तिच्या प्राध्यापकाला तरी नाही. मी तिला सांगितले, ‘‘घाई करू नकोस. आधी बाजारपेठेतल्या दुकानात जुनी प्रत मिळते का पाहा.’’ दोन दिवसांनी ती रिकाम्या हाताने परतली. दुकानदाराने जुन्या पुस्तकांची दोन्ही कपाटे काढून टाकली होती आणि त्या जागी स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके मांडली होती.

आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावातील ही घटना तशी क्षुल्लक म्हणावी लागेल. कोणी संप केला नाही, कोठे निषेधसभा भरली नाही. तथापि या दोन कपाटांबरोबर नेमके काय गेले, याचा विचार केल्यास तो केवळ ग्रंथप्रेमींनी उसासे टाकण्याचा विषय राहत नाही. तो शिक्षणाच्या खर्चाचा आणि म्हणून अर्थकारणाचाही विषय ठरतो.

तीन किमतींचे दुकान

स्वतंत्र पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात तीन प्रकारचा माल असू शकतो. पहिला, प्रकाशकाकडून आलेले कोरे पुस्तक. दुसरा, प्रकाशकाच्या गोदामात पडून राहिलेला व म्हणून पडत्या किमतीला काढलेला साठा. तिसरा, एकाने वाचून विकलेले जुने पुस्तक. या तीन प्रकारांचे गणित अगदी वेगवेगळे आहे. कोऱ्या पुस्तकावर छापील किमतीच्या ठराविक टक्क्यांइतके कमिशन मिळते. त्यातूनच गिऱ्हाइकाला सूट द्यायची, भाडे भागवायचे आणि नोकराचा पगार करायचा. उरलेल्या साठ्यावर टक्केवारी चांगली सुटते, पण कोणते पुस्तक कधी हाती लागेल याचा भरवसा नसतो. जुन्या पुस्तकाची खरेदी स्वस्त असते. मात्र प्रत्येक प्रत हाताळून, पाने मोजून, किंमत ठरवून मांडावी लागते. येथे भांडवल कमी आणि श्रम व पारख अधिक लागते. ज्या दुकानदाराने हे तिन्ही प्रकार एका छताखाली आणले, त्याने एका मालातील जोखीम दुसऱ्या मालाने भरून काढण्याची सोय केली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. ओरेगॉन राज्यातील पोर्टलँड शहरात १९७१ मध्ये वॉल्टर पॉवेल यांनी जुन्या पुस्तकांचे दुकान काढले. पुढे त्यांच्या मुलाच्या सहभागाने ते वाढले, आणि आज त्याने शहरातील एक संपूर्ण चौक व्यापला आहे. या दुकानाचे वैशिष्ट्य असे की, तेथे एकाच ग्रंथाची नवी व जुनी, पुठ्ठा-बांधणीची व कागदी बांधणीची प्रत एकाच फळीवर शेजारी शेजारी उभी असते. गिऱ्हाइकाने आपली ऐपत पाहावी आणि हात पुढे करावा. ज्याच्याकडे पैसे कमी त्याला वेगळ्या दाराने आत जावे लागत नाही, ही गोष्ट मला त्या दुकानाच्या आकारापेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडे हे तिन्ही प्रकार होते, पण विखुरलेले होते. जुन्या पुस्तकांसाठी पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर, मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे पदपथ. फ्लोरा फाउंटनच्या पदपथांवरील बहुतेक विक्रेते २००५ मध्ये महापालिकेने हटवले. दिल्लीच्या दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने रस्त्यावरून उठून दुसऱ्या जागी गेला. नव्या पुस्तकाच्या किमतीशी सामान्य वाचकाची गाठ घालून देण्याचे काम टी. एन. शानभाग यांनी केले. १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात त्यांनी लहानसा स्टॉल थाटला. तोच पुढे फोर्टमधील ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ म्हणून नावारूपास आला. कोऱ्या पुस्तकावर वीस टक्के सूट ही त्यांची रीत होती. त्यांच्या वार्षिक विक्रीप्रदर्शनाची वाट कारकुनापासून कुलगुरूपर्यंत सारे पाहत. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ते दुकान बंद झाले. मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलत, संच-योजना आणि १९७० च्या दशकात सुरू झालेली ‘ग्रंथाली’ची वाचक-चळवळ हे सारे त्याच प्रश्नाला शोधलेले देशी उत्तर होते : मासिक पगारात पुस्तक बसवायचे कसे?

झेरॉक्सपेक्षा स्वस्त

आता त्या विद्यार्थिनीच्या हिशेबाकडे पुन्हा वळू. समजा, सहाशेचे कोरे पुस्तक वर्षाअखेर दुकानदार तीनशेला परत घेतो. म्हणजे ते वापरण्याचा खरा खर्च तीनशे रुपये. तीच प्रत पुढच्या विद्यार्थ्याने साडेतीनशेला घेतली आणि वर्षभराने दोनशे तीसला विकली, तर त्याचा खर्च एकशेवीस रुपये. छायाप्रतींना दीडशे रुपये पडले आणि वर्षाअखेर त्यांची किंमत रद्दीच्या भावाइतकी. याचाच अर्थ असा की, जुने पुस्तक हे झेरॉक्सपेक्षाही स्वस्त पडते. फक्त ते परत घेणारे दुकान गावात शिल्लक हवे. दुकान उठले की पुस्तकाचे परतमूल्य शून्यावर येते, आणि मग दीडशे रुपयांचा हिशेबच बरोबर ठरतो. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी पुस्तकांतील उताऱ्यांच्या छायाप्रती काढण्यास मोकळीक दिली. तेव्हा माझी विद्यार्थिनी काही गैर करीत नाही. पण तिच्या हाती पुस्तक येत नाही, सुटी पाने येतात. ती पाने परीक्षेनंतर कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत.

येथे लेखक-प्रकाशकांच्या बाजूने एक आक्षेप घेतला जातो. जुन्या प्रतीच्या विक्रीतून लेखकाला मानधन मिळत नाही, मग तिचे कौतुक का करावे? आक्षेप खोटा नाही. मी स्वतः एका क्रमिक पुस्तकाचा सहलेखक आहे आणि त्याच्या जुन्या प्रती फिरताना पाहून मनात जो हिशेब चालतो तो मला ठाऊक आहे. परंतु दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने आधीच वितरणात आलेल्या प्रती लेखकाच्या विक्रीविषयक हक्कातून वगळल्या आहेत. वाचकाने विकत घेतलेली प्रत त्याची मालमत्ता होते. दुसरे असे की, पुढे विकता येईल या भरवशावरच अनेकजण कोरी प्रत घेतात. ज्या वस्तूला दुसरा बाजार असतो तिला पहिल्या बाजारातही अधिक किंमत देण्याची लोकांची तयारी असते; घर, मोटार आणि सोने यांबाबत आपण हे रोज पाहतो. लेखकाचे खरे नुकसान करते ती पदपथावर ‘जुनी’ म्हणून खपवली जाणारी चोरून छापलेली प्रत. तिची आणि वापरलेल्या पुस्तकाची गल्लत करता कामा नये.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन करून दाखवून दिले की, विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो व घेणाऱ्याला नसतो, म्हणून चांगला माल बाजारातून हद्दपार होतो. जुन्या पुस्तकाला हा शाप बव्हंशी लागू पडत नाही. पाने चाळली की दोष दिसतो. मात्र ही सोय दुकानात आहे, मोबाइलच्या पडद्यावर नाही. तेथे प्रतीचे वर्णन वाचून भरवसा ठेवावा लागतो. पारखी दुकानदार हा या बाजाराचा विनावेतन तपासनीसच असतो.

कपाटे का उठली?

सुटीच्या दिवशी मी त्या दुकानदाराला भेटलो. त्यांचे उत्तर साधे होते. ‘‘सर, तुम्हीच अभ्यासक्रम बदलता आणि मग जुनी पुस्तके कुठे गेली म्हणून विचारता. दोनशे प्रती किलोने घालाव्या लागल्या.’’ नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून अभ्यासक्रमांची फेररचना सुरू झाली. बदल आवश्यक असतील. परंतु मागणी-पुरवठ्याचे प्रकरण तेच असताना त्याचा क्रम आणि श्रेयांकांची विभागणी बदलली, की बाजारातील सर्व जुन्या प्रती एका रात्रीत रद्दी होतात. अभ्यासमंडळाच्या बैठकीत या खर्चाची नोंद कोणी करीत नाही. मीही अशा बैठकांना बसलो आहे आणि मीही ती केलेली नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

दुसरे कारण ऑनलाइन विक्रीचे. गिऱ्हाईक दुकानात येते, पुस्तक चाळते, दुकानदाराचे मत विचारते, नाव टिपून घेते आणि खरेदी मोबाइलवरून करते. भाडे एकाने भरायचे आणि विक्री दुसऱ्याने करायची, असा हा व्यवहार आहे. फ्रान्सने यावर १९८१ मध्येच कायदा केला : नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून अधिक सूट देता येत नाही. पुढे लहान ऑनलाइन मागण्यांवर किमान घरपोच शुल्क आकारण्याचे बंधनही तेथे आले. उलट ब्रिटनमध्ये १९०० पासून चालत आलेला निश्चित किमतीचा करार १९९५ मध्ये मोडला आणि त्यानंतर अनेक स्वतंत्र दुकाने बंद पडली. भारतासारख्या देशात सूट गोठवणे वाचकाला परवडेल असे मला वाटत नाही. पण निश्चित किंमत नको म्हणताना निदान सरकारी आणि संस्थात्मक खरेदीने तरी लहान दुकानदाराला बाहेर ढकलू नये, एवढे मागणे अवाजवी नाही. महाराष्ट्रात अकरा हजारांच्या घरात मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये आहेत. सर्वाधिक सूट देईल त्याच्याकडून एकगठ्ठा खरेदी करायची म्हटले की गावातील विक्रेता स्पर्धेतच उरत नाही.

उरलेल्या साठ्याचा प्रश्नही असाच धोरणाशी जोडलेला आहे. अमेरिकेत १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे पडून राहिलेल्या मालाची किंमत करापुरती कमी दाखवणे कठीण झाले. वस्तुतः खटला होता हत्यारे बनविणाऱ्या कंपनीचा. पण परिणाम असा झाला की पुस्तके गोदामात ठेवण्यापेक्षा पडत्या किमतीला काढणे किंवा नष्ट करणे प्रकाशकांना परवडू लागले. आपल्याकडेही मोठ्या शहरांत इंग्रजी पुस्तकांची किलोवर विक्री होते. मराठी प्रकाशकाचा शिल्लक साठा मात्र वाळवी आणि ओल यांच्याशी झगडत पडून राहतो. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, पण कागदावर आहे आणि त्याची वजावट प्रकाशकाला मिळत नाही. तो भार शेवटी किमतीतच उतरतो.

करता येण्याजोगे

उपाय फार खर्चाचे नाहीत. अभ्यासमंडळांनी अभ्यासक्रम बदलताना जुन्या पुस्तकातील कोणती प्रकरणे अजून लागू आहेत त्याचा तक्ता प्रसिद्ध करावा. एका पानाच्या कागदाने हजारो प्रती वाचतील. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी निर्लेखित पुस्तके रद्दीवाल्याला वजनाने देण्याऐवजी आधी विद्यार्थ्यांसमोर नाममात्र किमतीला ठेवावीत. संस्थांनी खरेदीचा काही हिस्सा गावातील दुकानासाठी राखावा आणि त्या बदल्यात जुन्या प्रती परत घेण्याची अट घालावी. प्रकाशकांनी पाच वर्षे न हललेला साठा अशा दुकानांना निम्म्या किमतीत द्यावा. आणि आपण शिक्षकांनी, पुस्तक दुकानात पाहिले असेल तर ते दुकानातूनच घ्यावे.

आमच्या विभागात यंदा आम्ही तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून जुनी पुस्तके मागवली. बत्तीस प्रती जमल्या. नव्या अभ्यासक्रमात त्यांतील कोणती पाने चालतील याची यादी आम्ही प्रत्येकीच्या आत चिकटवली. त्या दुकानदाराने एक फळी रिकामी करून दिली. कोऱ्या पुस्तकांच्या शेजारचीच. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातली नव्हे. पहिल्या आठवड्यात सतरा प्रती गेल्या. त्यांतील एक त्या विद्यार्थिनीच्या हाती आहे. समासात कोणा अनोळखी मुलाने पेन्सिलीने लिहिलेली टिपणे आहेत, आणि त्यातले एक चूक आहे. ते तिने मला वर्गात दाखवले. छायाप्रतीच्या सुट्या पानांवरून असा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही.