सीडी अडकली, दोष कुणाचा?

गौरी-गणपतीला बोर्ली पंचतनला गेलो की पहिल्याच रात्री आत्या कपाटातून सीड्यांचा डबा काढते. लग्नं, मुंजी, वाडीतली जाखडी, सगळं त्यात. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळाने कौलं उडवली, तेव्हा साड्यांच्या घडीत होता म्हणून वाचलेला हा डबा.

यंदा ताईच्या लग्नाची व्हीसीडी लावली. मंगलाष्टकं सुरळीत झाली. अंतरपाट दूर होणार, तेवढ्यात चित्र थिजलं आणि ड्राइव्ह घरघरायला लागला. ‘कॉम्प्युटर म्हातारा झाला,’ भाच्याने निकाल दिला. आत्या म्हणाली, “बुरशी असेल रे. इथं लोणच्याला येते, मग सीडीला का नाही?”

मी व्हीसीडीतली ‘डॅट’ फाइल आधी हार्डडिस्कवर उतरवली आणि तिथून लावली. अशी फाइल सुरळीत चालली तर ड्राइव्हचं वाचन मंदावलंय असं समजावं. नेमकी त्याच जागी अडली तर खोट सीडीची. कुठेही, केव्हाही अडखळली, तरच कॉम्प्युटरकडे वळावं. आमची अंतरपाटापाशीच अडली.

खरं तर व्हीसीडीला कॉम्प्युटरकडून फार काही लागत नाही. १९९३ चा हा प्रकार, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला २५ चौकटी. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ चं, पण गेल्या पंधरा वर्षांतल्या कुठल्याही धड कॉम्प्युटरला तेही जड नाही. विंडोज एक्सपीवाल्यांनी मात्र एक बघावं. खराब सीडी वाचताना ड्राइव्ह वारंवार चुकला की एक्सपी त्याला ‘डीएमए’वरून ‘पीआयओ’वर टाकतं. मग सगळी हमाली प्रोसेसरच्या डोक्यावर येते आणि पुढे चांगली सीडीही अडखळते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ड्राइव्हचा आयडीई चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा सुरू केलं की बहुधा गाडी रुळावर येते.

डीव्हीडी मुळीच लागत नसेल तर ड्राइव्हला बोल लावू नका. २०१२ च्या विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची सोय विंडोजमध्ये आयती येत नाही. व्हीएलसी हा प्लेअर फुकट मिळतो, तो टाका.

भाच्याचा आरोप खरा ठरला तो दुसऱ्या दिवशी, त्याच्याच फोनवरच्या विसर्जनाच्या चित्रीकरणात. ते ‘फोर-के’ आणि ‘एचईव्हीसी’ या आवळून साठवायच्या पद्धतीतलं. हे उलगडायची सोय ग्राफिक्स चिपमध्येच नसेल तर सगळं प्रोसेसरला रेटावं लागतं. इंटेलमध्ये ती २०१५ च्या सहाव्या पिढीपासून नीट आली, आमचं मशीन त्याआधीचं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच बसवलेला नाही, एवढं ओळखावं. आमचा ड्रायव्हर ठीक होता. तेव्हा फोनच्या कॅमेऱ्याची सेटिंग १०८० आणि ‘एच.२६४’ वर आणली, आरतीचं नवं चित्रीकरण लोण्यासारखं चाललं.

आत्याचं बोलणंही हसण्यावारी नेऊ नये. दमट हवेच्या बेलीझमधल्या एका सीडीचा थर बुरशीने खाल्ल्याचं स्पेनच्या संशोधकांना २००१ मध्ये आढळलं होतं. आमच्या सीडीचा गुन्हेगार मात्र घरचाच निघाला. उजेडात धरल्यावर चंदेरी थरात टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, ताईच्या नावाच्या अक्षरांवरच. नाव बॉलपेनने दाबून लिहिलेलं. सीडीची नाजूक बाजू लेबलची असते. चंदेरी थरावर तिथे लॅकरचा पातळ हातच असतो. खालच्या बाजूचे ओरखडे त्यामानाने सोसतात. पुसताना मधून कडेकडे पुसावं, गोल गोल नाही.

अंतरपाटानंतरची काही मिनिटं गेली ती गेलीच. बाकीच्या सीड्या आम्ही दोन रात्री बसून उतरवल्या, एक प्रत बोर्लीत, एक मुंबईत. आता नव्या लॅपटॉपला सीडीचा ट्रेच नसतो. तुमच्या घरात ट्रे असलेला कॉम्प्युटर चालू असेल, तर तो भंगारात द्यायच्या आधी डबा उघडा.