दवाखान्याची आतली बाजू

मे महिना सटाण्यातील व्यापाऱ्याला उसंत देत नाही. लग्नसराईमुळे कापडाची आणि सराफीची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, बाजार समितीत उन्हाळ कांद्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते, आणि नेमक्या याच दिवसांत घरातील दहावी-बारावीची मुले परीक्षेतून मोकळी होऊन निकालाची वाट पाहत असतात. काही जण दुकानात गल्ल्याशेजारी बसतात, काही मामाच्या गावी जातात. ज्यांनी ‘मेडिकल’ करायचे ठरविले आहे, किंवा अधिक खरे सांगायचे तर ज्यांच्यासाठी ते घरच्यांनी ठरविले आहे, ती मुले नाशिक, लातूर नाही तर कोटा येथील शिकवणीच्या वर्गांत दाखल होतात. एक गोष्ट मात्र क्वचितच घडते. ज्या व्यवसायासाठी मुलाची उमेदीची वर्षे आणि वडिलांची पुंजी पणाला लागणार, त्या व्यवसायाचे काम प्रत्यक्षात कसे चालते हे त्या मुलाने आठ दिवसही पाहिलेले नसते. नवा ठोक व्यापारी निवडण्यापूर्वी सुरतेला दोन फेऱ्या मारणारा गृहस्थ येथे माल न पाहताच सौदा करतो.

या सौद्यातील आकडे तरी पाहावेत. २०२४ साली ‘नीट’ परीक्षेला देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा त्या वर्षी एक लाखाच्या थोड्या पुढे होत्या, आणि त्यांतील साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांत. म्हणजे वीस मुलांमागे एकाला जागा. उरलेल्या एकोणीस मुलांचे काय, हा प्रश्न घरोघरी निकालानंतर विचारला जातो. तो विचारण्याची वेळ वास्तविक दोन वर्षे आधीची असते.

अमेरिकेतील आर्कान्सा या शेतीप्रधान राज्याला हा प्रश्न वेगळ्या बाजूने भेडसावला. तेथील खेड्यांत डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ राहायला तयार होत नव्हते. शहरातून माणसे आणून बसविण्यापेक्षा खेड्यातीलच मुले या क्षेत्राकडे वळवावीत, असा विचार करून राज्याच्या वैद्यकीय विद्यापीठाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘मॅश’ या नावाने उन्हाळी वर्ग सुरू केले. शाळेच्या शेवटच्या इयत्तांतील मुले आपल्याच भागातील रुग्णालयात जातात, डॉक्टर, औषधनिर्माते, भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्यामागे फिरून त्यांचे काम पाहतात, टाके घालण्याचा आणि प्लास्टर बांधण्याचा सराव करतात, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबावी हे बाहुल्यावर शिकतात. या वर्गांच्या खर्चाला तेथील शेतकऱ्यांची संघटना हातभार लावते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. गावात दवाखाना नसेल तर गाव ओस पडते आणि गाव ओस पडले की बाजारही बसतो, हे त्या शेतकऱ्यांना कळलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली दुर्गम भागातील आरोग्य कर्मचाऱ्यांविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांतही ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेशात स्थान द्यावे ही एक महत्त्वाची शिफारस होती. कारण खेड्यात वाढलेला माणूस खेड्यात परतण्याची शक्यता अधिक असते.

महाराष्ट्रात याच वयाच्या मुलांसाठी नेमका असाच उपक्रम शोधण्यापेक्षा त्यामागचा विचार येथे कोठे रुजला आहे ते पाहणे अधिक उपयोगाचे. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. तेथे एमबीबीएसला प्रवेश मिळालेली मुले शरीररचनेचे पुस्तक उघडण्यापूर्वी सुमारे पंधरवडाभर गांधीजींच्या आश्रमात राहतात. झाडलोट, श्रमदान, प्रार्थना, खादी हा त्यांचा पहिला पाठ. पुढे प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक दिले जाते आणि विद्यार्थ्याला काही कुटुंबे सोपविली जातात. ‘नीट’ येण्यापूर्वी या संस्थेच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत गांधीविचारांची प्रश्नपत्रिकाही असे. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी तर भर मे महिन्यातच भरते. सकाळी कुदळ-फावडे आणि दुपारनंतर व्याख्याने, अशा त्या आठवड्यातून तरुणांच्या अनेक पिढ्या गेल्या. छावणी वैद्यकीय नव्हे. परंतु कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी कसलेली शेती पाहिल्यावर रोग आणि रोगी या दोन शब्दांतील अंतर तरुणाच्या ध्यानात येते.

गडचिरोलीचे उदाहरण याहून बोलके आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. खेड्यात नवजात बाळे दगावतात आणि रुग्णालय दूर आहे, तेव्हा उपचारच घरी न्यावेत, असे त्यांनी ठरविले. गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले: बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्याला उबेत ठेवणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा नवजात बालमृत्यूंत ६२ टक्के घट दिसली होती. पुढे याच पद्धतीच्या आधारे देशभरातील आशा कार्यकर्त्या घरोघरी बाळे तपासू लागल्या. याच संस्थेने २००६ पासून ‘निर्माण’ या नावाने तरुणांची शिबिरे सुरू केली. त्यांत वैद्यकीय विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात आणि पदवीनंतर आपले आयुष्य कोठे खर्च करावे, याचा शोध घेतात. फरक इतकाच की ही शिबिरे अठरा वर्षांपुढील तरुणांसाठी आहेत. पंधरा-सोळाव्या वर्षी, विषय निवडण्याच्या उंबरठ्यावर, मुलाला असे काही मिळायला हवे.

त्या वयात त्याला दाखवायचे तरी काय? ‘डॉक्टर’ एवढा एकच शब्द घरात फिरत असतो, म्हणून पहिले काम हे की रुग्णालयात डॉक्टरांखेरीज किती माणसे उभी असतात ते दाखविणे. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात या व्यवसायांचे दहा गट मानले आहेत: प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण व प्रतिमातंत्र, भूल व शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ, भौतिकोपचार, व्यवसायोपचार, आहारशास्त्र, नेत्रविज्ञान, समुपदेशन, वैद्यकीय नोंदी असे कितीतरी. व्यवसायोपचाराचे शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांच्या प्रयत्नांनी १९५० साली सुरू झाले. ऐंशीच्या घरातील आजोबांना पक्षाघातानंतर पुन्हा सदऱ्याची बटणे लावायला शिकविणारा तो व्यवसाय. मुंबईत हाजी अली येथील केंद्र सरकारच्या संस्थेत कृत्रिम अवयव तयार करण्याचे, तर वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत श्रवण व वाचा यांचे पदवी शिक्षण मिळते. आणि बागलाणकरांना फार दूर जायलाच नको: यांतील अनेक अभ्यासक्रम ज्याच्या कक्षेत येतात ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे.

जयपूर फूट हे नाव जैन घरांत सर्वांनाच ठाऊक आहे. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो पाय गरजूंपर्यंत पोहोचवीत आली. परंतु तो घडविणाऱ्यांत डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर होते, हे फारसे कोणी सांगत नाही. शस्त्रवैद्याला शरीर ठाऊक होते आणि कारागिराला रबर, लाकूड व साचा. मांडी घालून बसता येईल, अनवाणी चालता येईल, शेतातील चिखलात उभे राहता येईल, असा पाय त्या दोघांच्या मिळून झाला. ज्या मुलाचे हात दुकानातील पंखा उघडून पुन्हा जोडण्यात रमतात, त्याला ‘नीट’मध्ये गुण कमी पडले म्हणून आरोग्यसेवेचे दार बंद झाले असे समजू नये.

औषधदानाची थोरवी सांगणाऱ्या परंपरेत हिंसेचा संकोचही असतो, आणि तो काही मुलांना या शिक्षणापासून दूर ठेवतो. त्या संकोचाला जुने उत्तर आहे. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ मद्य, मांस आणि मध वर्ज्य करून रचला. विसाव्या शतकात तो सोलापुरातून हिंदी अनुवादासह प्रकाशित झाला. तत्त्व सांभाळून वैद्यक करता येते, एवढे त्यावरून पुरेसे सिद्ध होते.

आता पैशाची बाजू. ती गौण मानण्याची पद्धत आहे, पण व्यापाऱ्याला तसे सांगणे म्हणजे त्याची फसवणूक. राज्यातील काही अभिमत विद्यापीठांत एमबीबीएसचे वार्षिक शुल्क वीस लाखांच्या पुढे आहे. संपूर्ण शिक्षण एक कोटीच्या वर जाते. एक कोटीचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ३२ हजार रुपये बसतो. तोच हिशेब परिचर्या किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पाच लाखांच्या कर्जाला लावला तर हप्ता सुमारे ६ हजार ६०० रुपये. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, आणि साधारणतः साडेसात लाखांच्या पुढेच मालमत्ता तारण मागितली जाते. शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने हप्ते सुरू होतात. मात्र त्या सवलतीच्या काळातही व्याज चालूच असते, हे पालकांच्या बहुधा लक्षात येत नाही. शक्य असेल त्या घराने ते व्याज शिक्षण चालू असतानाच भरीत जावे. मूळ रक्कम फुगत नाही. आयकरात व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते, पण फक्त जुनी करपद्धती निवडणाऱ्याला. दुकानाची जागा गहाण ठेवून मुलाला डॉक्टर करणारे वडील आहेत आणि त्यांच्या त्यागाला नमस्कारच करावा. परंतु पहिल्याच वर्षी शवविच्छेदनगृहातून मूल घरी परतले तर ती जागा सोडविण्यास किती कांदा विकावा लागेल, हाही हिशेब एकदा मांडून ठेवावा.

मुलींच्या बाबतीत हिशेबापेक्षा शब्द आडवे येतात. ‘डॉक्टर सून’ हवी असते, ‘नर्स सून’ ऐकताच चेहरे उतरतात. रात्रपाळी, परक्यांची शुश्रूषा, वसतिगृह ही कारणे सांगितली जातात. वस्तुतः बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, आणि रात्री तीन वाजता रुग्णाच्या नाडीतील बदल प्रथम ज्याच्या लक्षात येतो तो माणूस बहुधा परिचारिकाच असतो. घरातील आजीचा शेवटचा आजार ज्या नातीने काढला, तिच्या अंगी हे गुण आहेत की नाहीत, हे तिच्या आईला विचारावे. औषधांचे दुकान चालविणाऱ्या घरांनी तर आपल्या मुलीला औषधनिर्माणशास्त्राकडे जाण्यापासून अडविण्याचे कारणच नाही. १९४८ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत औषधनिर्मात्याशिवाय चिठ्ठीवरील औषध देता येत नाही. स्वतःच्या दुकानात स्वतःच्या मुलीचा परवाना भिंतीवर टांगलेला असावा, यात कमीपणा कसला?

सटाण्यात असा आठ दिवसांचा वर्ग भरविणे अवघड नाही. गावात सरकारी रुग्णालय आहे, खासगी डॉक्टर आहेत, रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. तालुक्याच्या पश्चिमेस साल्हेरकडील आदिवासी पाड्यांवर आशा कार्यकर्त्या फिरतात. एक दिवस त्यांच्यामागे पायी चालणे हा दवाखान्यातील तीन दिवसांहून मोठा धडा ठरेल. दुष्काळात सरकारी खजिना भुकेल्यांसाठी खुला केल्याबद्दल एका मामलेदाराची देव म्हणून पूजा करणारे हे गाव आहे. असा उपक्रम एखाद्या मंडळाने हाती घेतला तर डॉक्टर नकार देतील असे वाटत नाही.

मात्र काही गोष्टी आधीच ठरविल्या पाहिजेत. रुग्णाची परवानगी घेतल्याशिवाय मुलाने तपासणीच्या खोलीत थांबू नये. मोबाइल बाहेर ठेवावा. येथे सगळे एकमेकांना ओळखतात, आणि शेजारच्या काकूंचा अहवाल संध्याकाळी ओट्यावर चर्चेला आला तर वर्ग दुसऱ्या वर्षी भरणार नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीला क्ष-किरणाच्या कामावर ठेवता येत नाही, तेव्हा त्या खोलीचे काम बाहेरून समजावून सांगावे. पहिला दिवस कचऱ्याच्या डब्यांसाठी द्यावा: पिवळ्यात रक्ताने माखलेला कापूस, लाल डब्यात नळ्या व प्लास्टिक, पांढऱ्यात सुया, निळ्यात काच. ज्या मुलांना प्रयोगशाळेत किंवा मलमपट्टीच्या खोलीत उभे राहायचे आहे, त्यांना बालपणी हिपॅटायटिस-बीची लस मिळाली होती की नाही ते पालकांनी पाहावे. मिळाली नसल्यास तिच्या तीन मात्रा सहा महिन्यांत पुऱ्या होतात. म्हणजे मे महिन्याच्या वर्गासाठी पहिली सुई दिवाळीच्या सुमारास टोचून घ्यावी लागेल.