यादी लागते रोवणीत! अकरावी-आयटीआय प्रवेशात गावच्या पोरापोरींची जागा कुठे हुकते?

करडी (पालोरा) : प्रवेशाच्या याद्या नेमक्या रोवणीच्या दिवसांत लागतात. पोरगी बांधीत पऱ्हे लावत असते, मोबाईल धुऱ्यावरच्या पिशवीत असतो आणि जागा लागल्याचा मेसेज तसाच पडून राहतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगतो, तोवर मुदत गेलेली असते. पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळाले आणि मुदतीत प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतूनही नाव बाहेर जाते.

पूर्वी अकरावीला गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन फॉर्म भरला की काम होत होते. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन झाले, खेड्यातलेसुद्धा. कमीत कमी 1 आणि जास्तीत जास्त 10 कॉलेजांची पसंती द्यायची. आयटीआयचा फॉर्म वेगळा, तोही ऑनलाईन. नियम सर्वांना सारखा. पण नहराचे पाणीही कागदावर सर्वांना सारखेच असते, आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारा त्याच्या बांधीत किती पोहोचते! टोकाला पाणी पोहोचावे म्हणून पाळी ठरवावी लागते, वरचे गेट बंद ठेवावे लागते. शिक्षणात समान संधी म्हणतात ती हीच पाळी. राखीव जागा, शिष्यवृत्ती, मुलींचा पास, वसतिगृह ही सारी त्याचीच गेटं आहेत. ती कुठे उघडतात हे माहीत नसले तर टोकाचा माणूस कोरडाच राहतो.

करडी परिसराचे टोक तर वैनगंगेनेच ठरवून दिले आहे. तालुका मोहाडीचा, पण तालुक्याचे ठिकाण नदीपलीकडे. दाखल्यासाठी तिकडे, कॉलेजसाठी तुमसर किंवा भंडाऱ्याकडे. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे. मुलांना मासिक पासात 66.67 टक्के सवलत मिळते, म्हणजे तिसरा हिस्सा भरावा लागतो. म्हणून पसंतीक्रम भरताना कॉलेजच्या नावाआधी बसची वेळ पाहावी. शेवटची बस चुकली तर पोरीचे कॉलेज महिनाभरात सुटते, हे कोणत्याही गावात विचारून पाहा.

आता जातीच्या रकान्याचे. इथे सर्वात जास्त चुका होतात आणि त्या महागात पडतात. ढिवर समाज महाराष्ट्राच्या यादीत भोई व तत्सम जातींमध्ये येतो, म्हणजे भटक्या जमाती (ब), राखीव जागा 2.5 टक्के. घाईत कुणी 'ओबीसी' भरून देतो आणि पडताळणीच्या वेळी कागद जुळत नाही. आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणजे ढिवर समाजाच्या मुलीला आपल्या प्रवर्गाचा आणि मुलगी असल्याचा असे दोन्ही आधार मिळतात. वेल्डर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड काही फक्त पोरांसाठी ठेवलेले नाहीत.

गोवारी समाजाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात मोर्चात 114 गोवारी बांधव चेंगरून मेले. त्यानंतर समाजाला विशेष मागास प्रवर्गात सवलत मिळाली, त्या प्रवर्गाच्या जागा 2 टक्के. 14 ऑगस्ट 2018 ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींना अनुसूचित जमाती मानले. पोरांनी त्या जागांवर प्रवेश घेतले. मग 18 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि गोंड-गोवारी ही वेगळी जमात असल्याचे सांगितले. मधल्या काळात ज्यांनी प्रवेश किंवा नोकरी घेतली त्यांचे मात्र तसेच राखले. त्यामुळे मोठ्या भावाचा 2019 चा दाखला पाहून लहान बहिणीचा फॉर्म भरला तर घोटाळा होणारच. एकाच घरात, एकाच आडनावाची दोन पोरं, आणि रकाने दोन. यात त्या घराचा काय दोष?

जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो आणि त्याची तारीख प्रवर्गानुसार बदलते. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त व भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. आजोबांचे शाळेतील दाखल-खारीज, कोतवाल पंजी, अधिकार अभिलेख यातले काही सापडले की अर्धे काम झाले. ज्यांना बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसीकडे जायचे आहे त्यांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करावा. अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी मागास प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअरही लागते.

पैशाचे पाहू. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. घरचे उत्पन्न 8 लाखांच्या आत हवे आणि प्रवेश शासनाच्या फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. इथे एक गैरसमज दिसतो. 'मुलींचे शिक्षण फुकट' ऐकून बाप निर्धास्त होतो, आणि ऑगस्टमध्ये कळते की मेस आणि खोलीचे भाडे घरूनच द्यायचे आहे. धानाचे चुकारे तर दिवाळीनंतर. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर जेवण आणि खोलीच्या खर्चासाठी थेट खात्यात रक्कम देणाऱ्या योजना आहेत. अनुसूचित जातीसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयम्, आणि ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. आधार योजनेत जिल्ह्याला 600 विद्यार्थीच घेतले जातात, म्हणून अर्ज उशिरा करून चालत नाही. आणि वसतिगृहाची रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच हातात पडेल असे धरून चालू नये. पहिल्या दोन-तीन महिन्यांची सोय घरून ठेवावीच लागते.

पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच. दुखणे उठले की पोर आठ-आठ दिवस घरी असते आणि वर्गात 'सतत गैरहजर' म्हणून शेरा बसतो. फार कमी पालकांना माहीत आहे की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत सिकलसेलही आहे. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील 5 टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो, वयातही 5 वर्षांची सूट आहे. हे रुग्णासाठी आहे. नुसता वाहक असेल त्याला लागू नाही. प्रमाणपत्र सरकारी दवाखान्यातून, यूडीआयडी कार्डाच्या अर्जाने मिळते.

प्रवेश मिळाला म्हणजे सगळे झाले असेही नाही. जळगावकडील तडवी भिल्ल समाजाची डॉ. पायल तडवी मुंबईत एमडी-एमएसच्या शिक्षणापर्यंत पोहोचली होती. 22 मे 2019 ला तिने जीव दिला. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप घरच्यांनी केला. तिची आई आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई, दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे होते की विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2012 चे नियम पाळलेच जात नाहीत. त्या नियमांत प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असे आहे. तक्रार 60 दिवसांत निकाली काढायची असते.

शिष्यवृत्तीच्या मुलांना भर वर्गात उभे करणे, भाषेवरून हसणे, 'कोट्यातून आला' म्हणणे, यावर तक्रार करता येते. ती लेखी द्यावी, तारीख टाकावी आणि पोच घ्यावी. कक्ष कुठे आहे हे पहिल्याच दिवशी ऑफिसात विचारून ठेवले तर बरे. विचारताना लाजायचे काहीच नाही. बापाने मागे बसून चालत नाही, सोबत जावे.

यंदा ज्यांच्या घरी दहावी-बारावीचे पोर आहे त्यांनी उत्पन्नाचा, जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज निकालाआधीच सेतू केंद्रात टाकावा. जूनमध्ये तिथे रांग असते आणि सर्व्हर बंद पडतो. फॉर्मवर मोबाईल नंबर सेतूवाल्याचा किंवा शहरातल्या मामाचा देऊ नये, घरातला द्यावा. आणि यादीच्या दिवशी तो मोबाईल पोरीजवळच राहू द्यावा. एक दिवस रोवणीला एक हात कमी पडला तर पडू द्यावा.